पैनगंगेअलीकडचं बेट

किनवट आलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. डिसेंबरातली थंडी खिडकीच्या फटीतून आत येत होती आणि काचेवर आतून दव साचलं होतं. नंदिग्राम एक्स्प्रेसच्या आमच्या डब्यात नांदेडपासून मराठवाड्याची मराठी चालू होती. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड करत ती किनवटपर्यंत तशीच आली. किनवटला दोन बायका आणि एक म्हातारबा चढले. धाकटीच्या कडेवर मूल होतं. "सरकता का दादा जरा, लेकराला टेकवते," ती मला म्हणाली. बसल्या बसल्या तिचा फोन वाजला आणि ती तेलुगूत बोलू लागली. फोन ठेवून ती म्हातारबाकडे वळली, तेव्हा तिच्या तोंडी गोंडी होती. पाच मिनिटांत तीन भाषा झाल्या आणि डब्यातल्या कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

मला मात्र हे ऐकायचंच होतं. चाळीस वर्षांनी मी या रुळांवरून आदिलाबादला निघालो होतो. मधल्या काळात गेलो नव्हतो असं नाही, पण प्रत्येक वेळी नागपूर-हैदराबाद महामार्गाने, मोटारीतून. रेल्वेने शेवटचा गेलो तेव्हा इथे लहान लाईन होती. मुदखेडचा फाटा सुटला की गाडीचा वेग इतका कमी व्हायचा की रुळाकडेच्या सागाची पानं मोजता यावीत.

आदिलाबादला माझी आत्या दिलेली. आमच्या मराठवाड्यात आत्याच्या यजमानांनाही मामाच म्हणतात. ते मामा एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. दिवाळीच्या सुटीत आम्ही भावंडं नांदेडहून निघायचो. लाकडी बाकं, खिडकीला आडव्या सळ्या, आणि डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी. इस्लापूर, बोधडी, किनवट, अंबाडी ही नावं आम्हाला पाढ्यासारखी पाठ होती. दुपार कलताना आदिलाबाद यायचं आणि गाडी संपायची. गाडी संपायची म्हणजे रूळच संपायचे. फलाटाच्या पुढे थोडं अंतर गेलं की रुळांच्या टोकाला आडवा अडसर, त्याच्यामागे मातीचा ढीग आणि मग रान. मी मामांना विचारलं होतं, "पुढे काय आहे?"

"पुढे पैनगंगा. तिच्या पलीकडे वऱ्हाड."

"मग गाडी का जात नाही?"

मामा म्हणाले, "आपलं गाव बेट आहे बाळा. चहूबाजूंनी जमीन असली तरी बेटच. होडी एकच, आणि ती मुदखेडहून सुटते."

शाळेत बेटाची व्याख्या वेगळी शिकवली होती, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं. त्या बेटाचा अर्थ कळायला मात्र नकाशा आणि इतिहास, दोन्ही उघडावे लागले.

निजामाची स्वतःची पहिली रेल्वे आली ती १८७४ साली, वाडीहून सिकंदराबादला. ती मोठ्या लाईनची. मराठवाड्यातून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग मात्र विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मीटरगेजवर बांधला गेला. दोन रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर. भारतात हे माप १८७० च्या सुमारास, लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत ठरलं. देशात मेट्रिक मापं आणायचा विचार तेव्हा चालू होता, आणि अरुंद रूळ कमी खर्चात पडतात हा हिशेबही होता. मोठ्या लाईनचं अंतर १,६७६ मिलिमीटर. कागदावर फरक ६७६ मिलिमीटरचा, पण जिथे दोन मापं भेटतात तिथे प्रत्येक पोतं आणि प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागते. मनमाडच्या हमालांच्या कित्येक पिढ्या या फरकावर जगल्या.

त्या मीटरगेजच्या मार्गाला मुदखेडजवळ जो फाटा फुटला, तो आदिलाबादचा. लांबी १६२ किलोमीटर. निजाम स्टेट रेल्वेच्या नकाशावर तो एखाद्या झाडाच्या लांब, एकट्या फांदीसारखा दिसतो. ईशान्येला जात जात पैनगंगेजवळ येतो, सहस्रकुंडाच्या धबधब्याच्या शेजारून जातो, किनवटला नदीच्या अगदी कुशीत शिरतो, पण नदी ओलांडत नाही. मुदखेडपासून आदिलाबादपर्यंत हा मार्ग पैनगंगेच्या दक्षिणेलाच राहतो.

लहानपणी मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पैनगंगेच्या पलीकडचं वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच होतं, पण १८५३ पासून त्याचा कारभार इंग्रजांकडे होता आणि १९०२ मध्ये तो कायमचा त्यांच्या हाती गेला. नदीच्या अलीकडे एक राज्य, एक रेल्वे, एक माप. पलीकडे दुसरं राज्य, दुसरी रेल्वे, दुसरं माप. पलीकडच्या वणी-राजूरच्या कोळशासाठी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मोठ्या लाईनचा फाटा माजरीहून आलेला होता. आदिलाबादहून वणी काही फार दूर नाही. तरीही दोन्ही फाटे एकमेकांकडे पाठ फिरवल्यासारखे उभे राहिले. मामांनी दाखवलेला तो मातीचा ढीग म्हणजे एका राज्याची हद्द होती. राज्य जाऊन पस्तीस वर्षं झाली तरी ढीग तिथेच होता.

आदिलाबाद जिल्हा १९०५ साली झाला. जुनं नाव एदलाबाद. आधी जिल्ह्याचं मुख्यालय आसिफाबादला होतं, ते १९४० च्या सुमारास इथे आलं. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला तोवर दुसरी एक रेल्वे येऊन पोहोचली होती, काझीपेठ-बल्लारशाह. दिल्ली-मद्रास हा थोरला रस्ता तिने जोडला. मंचिर्याल, कागजनगर ही गावं त्या मार्गावर वाढली, तिथे कोळसा आणि कागद आला. पण ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये सागाचं रान, डोंगर आणि गोंड-कोलामांचे पाडे. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात याच डोंगरांत, मारलावाईला राहून राज गोंडांचा अभ्यास करत होते. त्याआधी १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम धारातीर्थी पडले होते. जल, जंगल, जमीन या तीन शब्दांचा लढा जिथे झाला, तो मुलूख या दोन रेल्वेमार्गांच्या मधला आहे. एका जिल्ह्यात दोन रेल्वे होत्या, पण एकीवरून दुसरीवर जायचं तर रानातून जावं लागे.

किनवट सोडून गाडी अंबाडीकडे निघाली तशी मी दारात येऊन उभा राहिलो. पुढे एक हद्द लागते. ती डोळ्यांना दिसत नाही. तोच साग, तीच काळी-तांबडी माती, तीच कपाशी. १९५६ पूर्वी ही हद्द नव्हतीच. किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार राज्यरचनेत किनवट आणि बोथ तालुक्यातला इस्लापूरचा भाग नांदेड जिल्ह्यात गेला, राजुराही मुंबई राज्यात गेलं आणि पुढे चांदा जिल्ह्याला जोडलं गेलं. नांदेडकडचा मुधोळ-भैंसा हा भाग उलट आदिलाबादला मिळाला. माणसं होती तिथेच राहिली आणि त्यांच्या अंगावरून रेघ गेली.

या रेघेने रेल्वेचं काय केलं, ते फारसं कुणी सांगत नाही. हा फाटा एका राज्याने आपल्याच एका जिल्ह्याला आपल्याशी जोडण्यासाठी घातला होता. १९५६ नंतर त्याचा बहुतांश भाग आजच्या महाराष्ट्रात गेला आणि फक्त टोक आंध्रात उरलं. आदिलाबादच्या माणसाला रेल्वेने आपल्या राजधानीला जायचं तर आधी परक्या राज्यात शिरायचं, किनवट-भोकर-मुदखेड असा वळसा घालायचा, धर्माबादनंतर पुन्हा आपल्या राज्यात यायचं आणि बासरला गोदावरी ओलांडायची. पुढे २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तिच्याकडे हा मार्ग आला. १ एप्रिल २००३ पासून नांदेड हा स्वतंत्र विभाग झाला आणि आदिलाबाद स्थानक नांदेडच्या कारभारात आलं. राज्य आता तेलंगणाचं, रेल्वेचं ठाणं महाराष्ट्रात. मग ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. मंचिर्याल, कागजनगर आणि ती दिल्लीची थोरली लाईन दुसऱ्या जिल्ह्यांत गेली. बासर निर्मल जिल्ह्यात गेलं. उरलेल्या आदिलाबाद जिल्ह्याकडे रेल्वे म्हणून उरला तो या एका मार्गाचा छोटासा तुकडा. मामांचं बेट आणखी लहान झालं.

गाडी आदिलाबादला थांबली. फलाटावर पाय ठेवला आणि आधी पुढे बघितलं. मातीचा ढीग कधीच गेला आहे. रूळ सरळ उत्तरेकडे जातात आणि त्यांच्या डोक्यावर विजेच्या तारा आहेत. अंबाडी-आदिलाबाद-पिंपळखुटी या टप्प्याचं विद्युतीकरण ४ मार्च २०२४ रोजी आदिलाबादमध्येच झालेल्या समारंभात पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केलं. ज्या मार्गावर मी कोळशाची कणी डोळ्यांत घेऊन आलो होतो, तिथे विजेचं इंजिन उभं होतं. स्थानकाच्या पाटीवर तेलुगूची गोलसर वळणं, खाली देवनागरी. चहावाल्याने मला पाहून पहिला शब्द मराठीत उच्चारला.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. मामा गेल्याला बरीच वर्षं झाली. तिचं घर जुन्या कापूस बाजारापासून लांब नाही, आणि डिसेंबरात त्या भागात हवेलाच सरकीचा वास असतो. दुपारी बाजारात गेलो. ट्रॅक्टर, छोटे टेम्पो, क्वचित बैलगाड्या, सगळ्यांवर पांढरे डोंगर. आदिलाबादचा कापूस बाजार या सगळ्या मुलखाचा श्वास आहे. बेला, जैनथ, तामसी, तलमडगू इथले शेतकरी येतात. अडत्याशी तेलुगू, मापाऱ्याशी उर्दू-हिंदी आणि आपसांत मराठी, असं बोलणं चालतं. ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसलं की आजूबाजूचे सगळे गप्प होतात. हमीभाव पुरता मिळायला ओलावा आठ टक्क्यांपर्यंतच हवा. त्यापुढे दर कापला जातो आणि बारा टक्क्यांवर गेला तर सरकारी खरेदीच होत नाही. तेलंगणातली सर्वांत कडक थंडी याच मुलखात पडते आणि पहाटेचं दव थेट शेतकऱ्याच्या पदरच्या पैशांतून वजा होतं.

जिनिंगच्या आवारात रुईच्या गाठी रचलेल्या होत्या, एकेक १७० किलोची. मामांच्या हिशेबाच्या वहीत अशा गाठींच्या ओळी असायच्या. समोर भरत होते ते ट्रक. एका वयस्क हमालाला विचारलं, "रेल्वेने जात नाही का माल?" तो म्हणाला, "रस्ता सरळ आहे साहेब. रेल्वे फिरून जाते." त्याच्या या दोन वाक्यांत या मार्गाचं सगळं दुखणं आलं.

रस्त्याने हैदराबाद इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. नागपूर-हैदराबाद महामार्ग गावाला लागूनच जातो, निर्मल, आर्मूर करत सरळ दक्षिणेला. रेल्वेने तेच अंतर चारशे किलोमीटरच्या वर जातं, कारण १६२ किलोमीटर तर मुदखेडला पोहोचण्यातच खर्च होतात. कृष्णा एक्स्प्रेस आदिलाबादहून तिरुपतीला जाते. इथल्या माणसाची राजधानीची मुख्य गाडी तीच. नंदिग्राम मुंबईहून येते आणि आता बल्लारशाहपर्यंत जाते. नांदेडकडच्या आणखी काही गाड्या आहेत, पण सगळ्या मिळून हातावर मोजता येतात. कुणाला रात्री-अपरात्री हैदराबादच्या दवाखान्यात न्यायचं झालं तर रेल्वेचा विचारही मनात येत नाही.

निर्मलवरून आर्मूरला आणि पुढे राजधानीकडे जाणारी लाईन व्हावी, ही मागणी मी लहानपणापासून ऐकतो आहे. त्या वाटेवर निर्मलच्या पट्ट्यात महबूब घाटाचे डोंगर आडवे येतात आणि मग गोदावरी. निजामाची रेल्वे पैनगंगेच्या खोऱ्यातून वळसा घालून का आली, ते महबूब घाटातून एकदा उतरलं की कळतं. पण घाट आहे म्हणून महामार्ग थांबला नाही. कोकण रेल्वेने याहून अवघड डोंगर पोखरले. आर्मूरच्या लाईनचं सर्वेक्षण झालं, पुन्हा झालं. निवडणुकीच्या सभांत तिचं नाव निघतं. आदिलाबादचा माणूस तिची वाट बघतो ती हक्काची म्हणून. जिल्ह्याच्या गावाहून आपल्याच राज्याच्या राजधानीला आपल्याच राज्यातून जाता यावं, यात जगावेगळं काही नाही.

रात्री आत्याच्या ओसरीवर बसलो होतो. शेजारचा एक तरुण मुलगा आला, रेल्वेच्या परीक्षांची तयारी करणारा. बेटाची गोष्ट निघाली तेव्हा त्याने विचारलं, "खऱ्या बेटावर रेल्वे असते का?" मी त्याला मॉरिशसची हकीकत सांगितली, कारण ती मराठी माणसाच्याही जवळची आहे. कोकणातून आणि साताऱ्याकडून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आहेत, अजून गणपती बसवतात. त्या एवढ्याशा बेटावर १८६४ साली रेल्वे आली. ऊस आणि माणसं दोन्ही वाहिली. मग मोटारी वाढल्या, रस्ते झाले, रेल्वे तोट्यात आहे असं ठरलं. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, १९६४ मध्ये मालगाड्याही, आणि शंभर वर्षांचे रूळ उखडले गेले. पुढच्या अर्ध्या शतकात रस्ते गाड्यांनी इतके कोंडले की बेटाला पुन्हा रेल्वेची आठवण झाली. २०१९ मध्ये तिथे मेट्रो एक्स्प्रेसचं उद्घाटन झालं, भारताच्या मदतीने आणि एका भारतीय कंपनीच्या हातून. जुन्या रेल्वेच्या वाटेचा काही भाग नव्या रुळांना उपयोगी पडला, पण पैसा मात्र नव्याने ओतावा लागला.

"म्हणजे उखडायला नको होती," मुलगा म्हणाला.

आमच्याकडेही तसं झालं आहे. पैनगंगेपलीकडे यवतमाळला मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला रेल्वे होती. तिचे अरुंद रूळ गवतात गेले. आदिलाबादचा मीटरगेजचा फाटाही तसाच जाऊ शकला असता. १ एप्रिल १९९२ पासून देशभर एकच माप करण्याचं धोरण आलं. मोठी लाईन मनमाडहून औरंगाबादला, मग परभणी-नांदेडकडे सरकत आली. या फाट्याची पाळी नंतर आली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथली लहान लाईन उखडून मोठी टाकली गेली. टोकाचं गाव, कमी गाड्या, रान आणि सरहद्द ही चार कारणं हा फाटा बंद करायला पुरेशी ठरली असती. तो वाचला याचं मोठं कारण म्हणजे तो मातीचा ढीग फुटला. आदिलाबाद ते पिंपळखुटी हा वीसेक किलोमीटरचा तुकडा जोडला गेला आणि टोकाचं गाव वाटेवरचं झालं. नांदेडहून नागपूरकडे जायला ही एक वाट उघडली. ज्या मार्गाला दोन्ही बाजूंनी येणं-जाणं आहे, तो सहसा मरत नाही.

तो तुकडा मी अजून पाहिला नव्हता. लहानपणी माझ्यासाठी जग त्या ढिगापाशी संपत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वणीचं तिकीट काढलं. निघताना आत्याने दशम्या आणि तिळाची चटणी बांधून दिली. मग पदराच्या गाठीतून एक रुपयाचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "हैदराबादला जाताना बासरला गोदावरीत टाकायचो आम्ही. मामा म्हणायचे, पैनगंगा आपली घरची, तिला कधी टाकता येत नाही, गाडीच जात नाही तिच्यावरून. आज टाक त्यांच्या नावाने."

गाडी हलली. ढीग जिथे होता त्या जागेवरून डबा सरळ पुढे गेला, आणि मला ती जागा ओळखूही आली नाही. कपाशीची रानं, तुरीचे पट्टे, मध्येच ज्वारी. शेजारी बसलेले गृहस्थ पांढरकवड्याच्या बाजूचे होते. मुलगी आदिलाबादला दिलेली, तिला भेटून परतत होते. मी त्यांना वर्धा-यवतमाळ-नांदेड लाईनबद्दल विचारलं. तिची लांबी २८४ किलोमीटर; वर्ध्याहून कळंबपर्यंतचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आहे आणि पुढे काम चालू आहे. ती पुरी झाली की नांदेड-नागपूर अंतर कमी होईल. ते म्हणाले, "यवतमाळला रेल्वे पाहिजेच. पण मग या बाजूच्या गाड्या तिकडं वळवू नयेत. माझी पोरगी इकडं आहे."

त्यांचं म्हणणं मला अगदी पटलं, आणि ते या मुलखातल्या हजारो माणसांचं म्हणणं आहे. यवतमाळला रेल्वे मिळावी, आदिलाबादला निर्मलवरून राजधानीची वाट मिळावी, आणि तरीही मुदखेड-आदिलाबाद-वणी हा वळसा घालणारा मार्ग भरभरून चालावा. नव्या सरळ वाटा झाल्या की जुन्या वाकड्या वाटेवरच्या गाड्या हळूच कमी होतात, ही भीती खोटी नाही. अंतर मोजणाऱ्याला हा मार्ग लांबचा वाटेल. पण किनवटची बाई बाळंतपणाला आदिलाबादला माहेरी येते, बेल्याचा शेतकरी भोकरच्या सोयऱ्याकडे लग्नाला जातो, माहूरच्या रेणुकेला निघालेलं तेलुगू कुटुंब किनवटला उतरतं. त्यांच्यासाठी हाच मार्ग सरळ आहे. १९५६ मध्ये कागदावर रेघ ओढली गेली, पण या रुळांनी तिच्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना तुटू दिली नाहीत. ज्या वळशाने आदिलाबादला राजधानीपासून लांब ठेवलं, त्याच वळशाने इथली मराठी जिवंत ठेवली. त्या गोष्टीचं मोल गाड्यांची वेळापत्रकं करणाऱ्यांनी जाणावं, एवढीच माझी मागणी आहे.

"आली बघा पैनगंगा," शेजारचे म्हणाले.

मी दारात गेलो. पुलाचा आवाज बदलला, खडीचा दबका आवाज जाऊन लोखंडाचा पोकळ आवाज आला. खाली नदी एका काठाला सरकली होती. बाकी वाळू आणि काळे खडक. पाण्यात दोन बगळे होते. काठावर एक माणूस बैल धूत होता. मी आत्याचं नाणं सोडलं. ते कठड्याला लागलं की पाण्यात गेलं, ते दिसलं नाही. गाडी नदी ओलांडून पलीकडे आली, म्हणजे मामांच्या वऱ्हाडात.

पिंपळखुटीला गाडी थोडी थांबली. पाटीवर आता मराठी होती. एक मुलगा खिडकीशी येऊन ओरडत होता, "च्या, गरम च्या." आत्याला फोन लावला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी होतं का रे नदीला?"

"होतं," मी म्हटलं.